ब्लोडाऊन

साठी उलटली तशी कंपनीने
शाल, नारळ आणि भिंतीवरचं एक घड्याळ देऊन
मला गेटबाहेर सोडलं.
चौतीस वर्षं मकरपुऱ्यात बॉयलर सांभाळलेला माणूस मी,
दुसऱ्याच दिवशी इंदुमतीला
गॅसची ज्योत कशी ठेवावी ते शिकवायला लागलो.
तिसऱ्या दिवशी तिने हातात तुळशीची माळ ठेवली.
‘‘देवघरात बसा. इथे मी आहे.’’

असा मी भक्तीला लागलो,
स्वयंपाकघरातून हुसकावलेला.

पहाटे चारला जाग तशीही यायचीच.
पहिल्या पाळीची बस कारेलीबागेच्या नाक्यावर
आता माझ्यासाठी थांबत नाही,
हे अंगाला अजून कुणी कळवलेलं नाही.

बसायचो. मणी ओढायचो.
नाव रामाचं, कान वरच्या मजल्याकडे.
हसुमतीबेनचा हिंचका कुरकुरतोय,
तेल घालायला सांगावं – तेविसावा मणी.
रविवारी मुलीचा फोन नाही – एकेचाळिसावा.
शुगर एकशे ऐंशी –
मोजणी चुकली, पुन्हा पहिल्यापासून.
वर्षभर देवाला मी एवढंच वाहिलं:
चुकलेली मोजणी.

मग नवरात्र सरून थोडी थंडी पडली होती,
तेव्हा डोळे मिटल्यावर बॉयलरच दिसला.
पाणी कितीही निवळ घाला,
उकळत राहिलं की तळाशी गाळ बसतोच.
म्हणून पाळीत एकदा खालचा व्हॉल्व्ह उघडायचा.
दहा सेकंद. जास्त नाही.
धाडकन वाफ, गढूळ पाणी, सगळं खड्ड्यात.
नवी पोरं विचारायची, काका, काल तर केलं होतं ना?
मी म्हणायचो, काल जेवलाही होतास.

हळूहळू गाळ निघायला लागला.
आधी किरकोळ. वाटणीत गेलेलं पितळी घंगाळ.
मेव्हण्याचा एक टोमणा, भर पंगतीतला.
मग एका पहाटे तळातून परमार निघाला.

सत्त्याऐंशीचा जानेवारी, रात्रपाळी.
तीनची नोंद मी पाण्याच्या काचेकडे न बघताच
अंदाजाने लॉगबुकात लिहिली होती.
पाणी उतरलं होतं. मेमो निघाला परमारच्या नावाने.
मी शेजारीच उभा होतो, चहा पीत.

मग बसलो की तोच, उठलो की तोच.
एकशे आठ मण्यांवर एकशे आठ परमार.

शेवटी रिक्षा करून गोरव्याला गेलो,
सोबत पाव किलो लीला चिवडा.
तो ओट्यावर नातवाच्या पतंगाला कण्णी बांधत होता.
सगळं सांगितलं.
त्याने ऐकलं, दोरा दातांनी तोडला,
म्हणाला, ‘‘जवा दे ने, जगदाळे. बेस.’’
त्याला आठवत होतं की नव्हतं, कळलं नाही.
चहा दिला. अर्धा कप,
साखर किती ते न विचारता.

कमाटीबागेतल्या बाकावर लोक विचारतात,
रोज रोज बसून काय मिळतं हो?
खोटं कशाला सांगू, गुडघा तोच आहे.
शुगरही तीच. देव दिसलेला नाही,
आलाच समोर तर चष्म्याशिवाय ओळखेन
याची खात्री नाही.
पण फोन आला नाही तरी रविवार
आता रविवारच राहतो.
वर हिंचका कुरकुरला की कळतं,
हसुमतीबेननी आजचीही रात्र काढली.
आणि तव्यावर भाकरी फुगते तेव्हा
मी दारात नुसता उभा राहतो,
दाब किती, म्हणत नाही.
इंदुमती मान वर न करता म्हणते,
आत या, तिथे झोत लागतो.

आज मोजणी पुन्हा चुकली,
साठाच्या आसपास कुठेतरी.
पूर्वी आकडा ठोकून दिला असता.
पहिल्या मण्यावर आलो.